पॅरेंट जज व्हायचंय? मग शनिवार विसरा

मुलगी नववीत गेली आणि तिने स्पीच अँड डिबेट टीममध्ये नाव घातलं तेव्हा मला वाटलेलं की आपलं काम काय, पहाटे शाळेच्या पार्किंगमध्ये सोडायचं आणि रात्री परत आणायचं. इथे अमेरिकेत शाळेच्या बाकीच्या टीम्सना पालक तेवढंच करतात, फार तर स्नॅक्सची पाळी. डिबेटचं गणित वेगळं आहे. शाळा जितकी मुलं टुर्नामेंटला नेणार त्या प्रमाणात तिला जजही न्यावे लागतात, किती ते प्रत्येक टुर्नामेंट आपापलं ठरवते, आणि जज कमी पडले तर मुलांच्या एंट्र्या कापल्या जातात किंवा शाळेला दंड बसतो. आता शनिवार-रविवार फुकटात बसणारी एवढी मोठी माणसं आणायची कुठून? तर पालकांमधून. म्हणजे हा सगळा कारभार बराचसा अशा लोकांच्या जिवावर चालतो ज्यांनी स्वतः जन्मात कधी डिबेट केलेली नाही.

सप्टेंबरच्या पालकसभेत मी कोचना सरळ सांगितलं की मला यातलं ओ की ठो कळत नाही. (माझं वक्तृत्व म्हणजे पाचवीत टिळक पुण्यतिथीला पाठ करून म्हटलेलं भाषण, त्यातलं "सन्माननीय व्यासपीठ" तेवढं आता आठवतंय.) कोच म्हणाले, उत्तम, मग तुम्ही पब्लिक फोरमला बसा, तो प्रकार तुमच्यासारख्यांसाठीच आहे. मला वाटलं समजूत काढतायत. पण नंतर वाचलं तर ते खरंच निघालं.

सगळ्यात जुनी ती पॉलिसी डिबेट. दोन विरुद्ध दोन, आणि एकच विषय अख्खं वर्षभर, 2023-24 ला आर्थिक विषमता होता, पुढच्या वर्षी इंटलेक्चुअल प्रॉपर्टी. वर्षभर एकाच विषयाचा कीस पाडल्यावर मुलांकडे इतके पुरावे जमतात की ते आठ मिनिटांच्या भाषणात कोंबायला ती मिनिटाला 300 च्या वर शब्द वाचतात, मध्ये फक्त मोठ्ठा श्वास घेतात आणि परत सुरू. याला स्प्रेडिंग म्हणतात. मी पहिल्यांदा दाराबाहेरून ऐकलं तेव्हा आत कुणाला तरी दम्याचा अ‍ॅटॅक आलाय असंच वाटलं. मग 1980 च्या सुमाराला लिंकन-डग्लस आली, एकास एक, जास्त भर तत्त्वांवर, काय न्याय्य काय अन्याय्य वगैरे, विषय दर दोन महिन्यांनी नवीन. नाव 1858 साली लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचे इलिनॉयमध्ये सिनेटच्या जागेसाठी जे सात जाहीर वाद झाले त्यावरून. त्या सिनेटच्या जागेवर शेवटी डग्लसच राहिले, लिंकन नाही, हे माझी मुलगी मला हरलेल्या प्रत्येक राऊंडनंतर न चुकता ऐकवते. आणि मग तिथेही वेग आणि परिभाषा वाढत गेली तेव्हा 2002 मध्ये पब्लिक फोरम काढली, दोन विरुद्ध दोन, ताजे विषय, आणि कुणीही सर्वसाधारण माणूस जज म्हणून बसला तरी त्याला कळलं पाहिजे ही अट. आता मोठ्या टुर्नामेंट्समध्ये तिथेही मुलं सुसाट सुटतात ते सोडा.

तर माझ्यासारख्याला म्हणतात ले जज, म्हणजे डिबेटचं शिक्षण नसलेला साधा माणूस. मुलं आपसात हा शब्द जरा नाक मुरडूनच वापरतात, "ले जज मिळाला यार", पण कोचचं म्हणणं असं की ज्याला विषय आधीपासून माहीत नाही त्याला पटवणं हेच खरं अवघड आहे आणि पुढे आयुष्यभर तेच करायचंय.

ट्रेनिंग म्हणजे एक संध्याकाळ शाळेच्या लायब्ररीत आणि घरी एक ऑनलाइन कोर्स. त्याशिवाय टॅबरूम नावाच्या साइटवर अकाउंट काढावं लागतं. ही साइट नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशनची. संस्था 1925 पासूनची, विस्कॉन्सिनमधल्या रिपन कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी सुरू केलेली, आणि 2014 पर्यंत तिचं नाव नॅशनल फॉरेन्सिक लीग होतं, म्हणजे शॉर्टमध्ये एनएफएल, त्यामुळे जुने कोच अजून "आमच्या एनएफएलमध्ये" म्हणतात तेव्हा नवीन पालक फुटबॉलच्या गप्पा सुरू करतात, कारण इथल्या फुटबॉल लीगचंही नाव एनएफएलच. टॅबरूमवर स्वतःचा पॅराडाइम लिहायचा असतो, म्हणजे जज म्हणून तुम्ही कसा विचार करता, वेग चालतो का, काय ऐकलं की तुम्ही मत देता, असं सगळं. मुलं राऊंडच्या आधी फोनवर ते वाचतात आणि तुमच्याप्रमाणे केस बदलतात. मी लिहिलेलं की मी पालक आहे, हळू बोला, आकडा सांगितलात तर तो कुठून आणला तेही सांगा. मुलीने वाचून म्हटलं, आई हे सगळेच लिहितात. असू दे.

टुर्नामेंटचं वातावरण मात्र मला आवडतं, खोटं कशाला बोलू. सकाळी सातला यजमान शाळेच्या कॅफेटेरियात शेकडो मुलं सूट-ब्लेझरमध्ये, टायची गाठ एकमेकांची बांधून देतायत, मुलींच्या हिल्स बॅगेत आणि पायात स्लिपर, आणि कॉरिडॉरमध्ये प्रत्येक भिंतीसमोर एक-एक मूल उभं राहून त्या भिंतीलाच भाषण देतंय. हातवारे करून, हसून, भिंतीच्या नजरेला नजर भिडवून. प्रॅक्टिसची ही पद्धतच आहे आणि कुणालाही त्यात काही विचित्र वाटत नाही. मग एकदम सगळ्यांचे फोन वाजतात, "पेअरिंग्ज आल्या", म्हणजे कुणाची कुणाशी गाठ ते, आणि दोन मिनिटांत कॅफेटेरिया रिकामा.

माझी पहिली टुर्नामेंट 2023 च्या नोव्हेंबरमधली, विषय होता केंद्र सरकारने सगळं फेडरल स्टुडंट लोन माफ करावं. आता यावर माझं मत एकदम पक्कं होतं. मी इथे मास्टर्सला आले ते आईबाबांचा फ्लॅट तारण ठेवून घेतलेल्या कर्जावर, आणि नोकरी लागल्यावर पहिली काही वर्षं पगार आला की आधी बँकेचा हप्ता, मग बाकीचं. माफी कसली? पण ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट परत परत सांगितलेली, तुमचं मत दाराबाहेर ठेवा, खोलीत जे बोललं गेलं त्यावरच निकाल द्यायचा, जे बोललं गेलं नाही ते तुम्ही मनाने जोडायचं नाही.

राऊंड सुरू होतो तो नाणं उडवून. जिंकणाऱ्या टीमने एकतर बाजू निवडायची किंवा आधी बोलायचं की नंतर ते, आणि उरलेलं दुसरी टीम निवडते. मग चार-चार मिनिटांची मांडणी, तीन मिनिटांचा क्रॉसफायर ज्यात दोघं उभं राहून एकमेकांना प्रश्न विचारतात, मग चार-चार मिनिटांचं खंडन, परत क्रॉसफायर, तीन मिनिटांची समरी, मग चौघंही एकत्र भांडतात तो ग्रँड क्रॉसफायर, आणि शेवटी दोन-दोन मिनिटांचा फायनल फोकस. मधे प्रत्येक टीमला तीन मिनिटं प्रेप टाइम, तो हवा तसा तुकड्या-तुकड्यांत वापरायचा. आपण हे सगळं फ्लो करायचं, म्हणजे कागद आडवा धरून प्रत्येक भाषणाला एक उभा रकाना, दोन टीम्सना दोन रंगांची पेनं, आणि एखादा मुद्दा पुढच्या भाषणात आला की बाण काढून पुढे न्यायचा. ज्या मुद्द्याचा बाण मध्येच तुटला तो मुद्दा ड्रॉप झाला. पहिल्या राऊंडनंतर माझा कागद म्हणजे नुसता गुंता होता, पण तिसऱ्या राऊंडपर्यंत हात बसला.

तो तिसरा राऊंड सांगतेच. माफीच्या बाजूने दोन मुली, विरोधात दोन मुलगे. मुलगे कसले तयारीचे! त्यातला एक तर इतका सफाईदार की मी मनात त्याला वकिली देऊनच टाकली. त्याचा पहिलाच मुद्दा, ज्यांनी पोटाला चिमटा काढून कर्ज फेडलं त्यांच्यावर हा अन्याय आहे. मी मान डोलवणार होते, तेवढ्यात आठवलं की जजने चेहरा कोरा ठेवायचा असतो. दुसरा मुद्दा महागाई वाढेल, तिसरा की कॉलेजची फी तशीच राहणार, म्हणजे पुढच्या बॅचच्या डोक्यावर परत तेवढंच कर्ज. मुलींनी 4 कोटींच्या वर कर्जदार आणि दीड लाख कोटी डॉलरच्या वर कर्ज हे आकडे मांडले, मार्च 2020 पासून हप्ते थांबलेले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये परत चालू झाले ते सांगितलं, त्यामुळे महागाईच्या मुद्द्यावर त्यांचं उत्तर असं की साडेतीन वर्षं लोक हप्ते भरतच नव्हते, मग तुम्ही म्हणता तसा नवीन पैसा अचानक बाजारात येणार कुठून. आणि अन्यायाच्या मुद्द्यावर त्यातली बारकी मुलगी, आवाज थरथरतोय, कागद हातात हलतोय, म्हणाली की आधीच्यांना त्रास झाला म्हणून पुढच्यांना सूट द्यायची नाही असं धरलं तर कुठलीच सुधारणा कधीच करता येणार नाही.

मला हे पटलं का? नाही, माझ्याकडे त्याला चांगली दोन उत्तरं तयार होती. पण ती देणं माझं काम नव्हतं, समोरच्या मुलाचं होतं, आणि त्याने ती दिली नाहीत. समरीमध्ये तो अन्यायाचा मुद्दा सोडून सगळा वेळ महागाईवर गेला आणि तिथेही थांबलेल्या हप्त्यांबद्दल एक शब्द नाही. मुलींनी मात्र दोन्ही मुद्दे फायनल फोकसपर्यंत नेले आणि वेइंगही केलं, म्हणजे आमचा परिणाम किती लोकांवर, किती लवकर, आणि तो होण्याची शक्यता जास्त का. शेवटच्या भाषणात त्या सफाईदार मुलाने फीच्या मुद्द्यावर एक भन्नाट नवीन आकडा काढला, पण फायनल फोकसमध्ये नवीन काही आणलं तर ते धरायचंच नाही असा नियम, म्हणून तोही गेला.

मुलं बाहेर गेली आणि मी त्या रिकाम्या वर्गात कागदाकडे बघत बसले. फ्लो सांगतोय मुली जिंकल्या. मन सांगतंय मुलगे. फोनवर टॅब रूममधून, म्हणजे निकाल गोळा करणाऱ्या खोलीतून मेसेज, बॅलट (निकालपत्रिका) कुठंय. शेवटी मत मुलींना दिलं पण स्पीकर पॉइंट्स, जे 30 पैकी असतात, ते त्या मुलाला सगळ्यात जास्त दिले, कारण बोलला तोच सगळ्यात छान. असं करता येतं, हरलेल्या टीमचे पॉइंट्स जास्त, याला लो-पॉइंट विन म्हणतात आणि नक्की का म्हणून साइट तुम्हाला परत विचारते. नक्की. मग आरएफडी लिहायचा, निकालाचं कारण. तिथे मी खरंच वेळ घेतला, कारण मुलगी आपले बॅलट कसे वाचते ते घरी बघितलेलं होतं. "छान बोललात, असेच पुढे जा" असं लिहिलेला बॅलट ती दोन सेकंदांत बंद करते, आणि "तुमचा दुसरा मुद्दा समरीत गायब झाला तिथे राऊंड गेला" असं वाक्य असलं की चिडते, आदळआपट करते, आणि पुढच्या प्रॅक्टिसला बरोब्बर तेवढंच दुरुस्त करते.

एक सांगायचं राहिलं, स्वतःच्या शाळेच्या मुलांना तुम्ही जज करू शकत नाही, सिस्टीमच ते अडवते. मी मुलीचे राऊंड बघायला जाऊन बसू शकले असते पण तिने आधीच बजावलंय की तू खोलीत दिसलीस तर मी बोलणार नाही. त्यामुळे गंमत अशी की शेकडो परक्या मुलांची भाषणं मी ऐकली आणि आमचं कन्यारत्न क्रॉसफायरमध्ये कसं भांडतं ते मला फक्त घरातल्या अनुभवावरून माहीत आहे. तो पुरेसा आहे म्हणा.

डिबेटचे जज जास्त झाले की उरलेल्यांना स्पीचकडे, म्हणजे भाषण-अभिनयाच्या स्पर्धांकडे पाठवतात. मला वाटलं हे सोपं, शांत बसून ऐकायचं. अजिबात नाही. डिबेटमध्ये निदान दोनच बाजू असतात, इथे खोलीत सहा मुलं आणि त्यांना एक ते सहा असे क्रमांक द्यायचे, बरोबरी चालत नाही. मुलं येतात, फळ्यावर कोड लिहितात, एखादं धापा टाकत येतं आणि "मी डबल एंटर्ड आहे, आधी बोलू का" (म्हणजे एकाच वेळी दोन स्पर्धांत नाव आहे) विचारून दहा मिनिटांत बोलून दुसऱ्या खोलीत पळतं. एक्स्टेम्पची मुलं मला सगळ्यात ग्रेट वाटतात, चिठ्ठ्यांमधून तीन प्रश्न निघतात, त्यातला एक घ्यायचा, अर्ध्या तासात तयारी आणि मग सात मिनिटं भाषण, जगातल्या कुठल्या तरी देशाच्या मध्यवर्ती बँकेवर वगैरे, कुठल्या पेपरने कुठल्या तारखेला काय छापलं ते तोंडपाठ सांगत. बोलताना ठरलेल्या जागी तीन पावलं डावीकडे, मग उजवीकडे, मग परत मध्ये. एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसतच नाही.

ह्युमरस इंटरप म्हणजे एकच मूल दहा मिनिटांत आजी, पोलीस, कुत्रा सगळं होतं, कपडे-सामान काही नाही, नुसता आवाज आणि अंग. ड्युओमध्ये दोघं जण असतात पण त्यांनी एकमेकांना हात लावायचा नाही आणि एकमेकांकडे बघायचंही नाही, दोघंही समोर बघत एकमेकांशी बोलतात आणि तरी पाचव्या मिनिटाला आपण हा नियम विसरून गेलेलो असतो. आणि ड्रॅमॅटिक इंटरप. त्याबद्दल कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. सोळा-सतरा वर्षांची मुलं, एकापाठोपाठ एक, मृत्यू, आजारपण, अत्याचार, युद्ध. एक मुलगी रडत खाली बसते, टायमर वाजतो, ती डोळे पुसते आणि हसून "थँक यू" म्हणून जागेवर जाते, पुढचा उठतो. आणि आपण त्या दुःखांना नंबर द्यायचे. मी तिसरा आणि चौथा क्रमांक कितीदा खोडून अदलाबदल केला ते विचारू नका. मला या प्रकाराबद्दल अजून शंका आहे, सगळ्यात काळंकुट्ट कथानक निवडणाऱ्याला नकळत जास्त मार्क जातात असं वाटतं, आणि मुलांनाही ते कळलंय. कोच म्हणतात तसं नाही. असेलही.

दुपारी प्राथमिक फेऱ्या संपल्या की ब्रेक जाहीर होतो, म्हणजे कोण पुढे गेलं. आपली टीम बाहेर पडली तरी जजला लगेच घरी जाता येत नाही, त्यानंतरची एक फेरी तरी थांबावंच लागतं, ही अट मला पहिल्यांदा वाचताना नीट दिसलीच नव्हती असं बरेच पालक संध्याकाळी सातला जजेस लाउंजमध्ये गार कॉफी पीत एकमेकांना सांगत असतात. बाद फेऱ्यांना तीन जजचं पॅनेल असतं. तिघांनी आपसात काही बोलायचं नाही, आपापलं मत द्यायचं, आणि मग मुलांसमोरच निकाल सांगायचा.

गेल्या हिवाळ्यात एका क्वार्टर फायनलला मी अशा पॅनेलवर होते. माझ्या एका बाजूला कॉलेजातला एक मुलगा, चार वर्षं स्वतः डिबेट केलेला, लॅपटॉपवर फ्लो करणारा, दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी शाळेचे कोच. निकाल 2-1 आणि एकटी मी उलट. कॉलेजवाल्याने छान समजावलं की प्रो टीमचा (विषयाच्या बाजूने बोलणाऱ्या) एक छोटा मुद्दा कॉन टीमने (विरोधातल्या) उत्तर न देता सोडला म्हणून तो मुद्दा प्रोला मिळाला आणि राऊंडही. मला ते ड्रॉप झालेलं दिसलं होतं, माझ्या कागदावरही होतं. पण तो मुद्दा एका वाक्यात सांगितलेला, त्याने नक्की कुणाचं काय बिघडतं ते एकदाही सांगितलं नव्हतं, आणि ज्याचा परिणामच सांगितला नाही तो सोडला काय आणि धरला काय. मी तेच बोलले. हरलेली दोन मुलं माझ्याकडे अशी बघत होती जशी काही मीच एकटी शहाणी त्या इमारतीत.

गाडीत मुलीने माझा फ्लो मागून घेतला. आता ती अकरावीत आहे आणि स्वतः नवीन मुलांना शिकवते, त्यामुळे जरा भाव खाऊनच वाचते. बराच वेळ बाण तपासले, एका ठिकाणी माझं अक्षर लागेना म्हणून विचारलं, आणि म्हणाली, "आई, मी पण त्या दोघांसारखंच मत दिलं असतं, ड्रॉप म्हणजे ड्रॉप." मी म्हटलं मग त्या मुलांनी त्याचा परिणाम कुठे सांगितला ते दाखव. तिने परत कागद बघितला. घरी पोचेपर्यंत आमचं हेच चाललं होतं, नवऱ्याने दार उघडलं तर त्याला वाटलं भांडण झालंय. तिचं मत अजून तेच आहे आणि माझंही.